पानांचं घर आणि खोटी मुंगी

आज दुपारपर्यंत चालणं असं झालंच नाही. वाटेलगतच्या एका झाडावर, अगदी डोळ्यांच्या उंचीला, विणकर मुंग्यांचं घरटं बांधायचं काम चालू होतं. तिथून पाय निघेना.

तयार घरटी नेहमीच दिसतात, पण बांधकाम सापडणं विरळा. दोन पानांमध्ये बरंच अंतर होतं. एका मुंगीचा आवाका पुरेना, तेव्हा दुसरीने तिची कंबर जबड्यात धरली, तिसरीने दुसरीची, आणि अशी लांबलचक साखळी तसूतसूने मागे सरकत पान ओढत राहिली. कडा जवळ आल्यावर आतून काही मुंग्या आल्या, प्रत्येकीच्या तोंडात एकेक पांढुरकी अळी. मोठ्या मुंगीला रेशीम काढता येत नाही, अळीला येतं. म्हणून अळीचं तोंड या कडेला टेकवायचं, मग त्या कडेला, पुन्हा या. अळी निपचित असते, हालचाल सगळी मुंगीची. पुष्कळ जातींच्या मुंग्यांच्या अळ्या त्याच रेशमाचा स्वतःभोवती कोष करतात. या मुंग्यांच्या अळ्यांना कोष नसतो, त्यांचं रेशीम घराला जातं. हे वाचून ठाऊक होतं, पण पानांच्या फटीत पांढरा पडदा दाट होत जाताना पाहिला आणि मन अगदी भरून आलं.

फार जवळ जाता येत नाही. या मुंग्या चावतात आणि चावलेल्या जागी फॉर्मिक आम्ल सोडतात. दक्षिण चीनमध्ये संत्रावर्गीय फळांच्या बागांतल्या किडी मारायला शेतकरी शेकडो वर्षांपासून हीच घरटी आणून टांगत आले, झाडाझाडांत बांबूचे पूलही बांधत आले, ते या आक्रमक स्वभावाच्या जोरावरच.

बघता बघता एक मुंगी वेगळी वाटली. रंग तोच तांबूस, कंबर तशीच बारीक, पण ती कुणाच्या वाटेला जाईना. समोरून मुंगी आली की बाजूला व्हायची. भिंगातून पाहिलं तर पाय आठ! पुढचे दोन वर धरून ती मिशांसारखे हलवत होती. मुंगीची नक्कल करणारा उडी मारणारा कोळी. पुढे आलेला लांब जबडा होता, म्हणजे नर. त्या जबड्यामुळे तोंडात दुसरी मुंगी धरून चालल्यासारखं दिसतं. मुंग्यांना टाळणारे शिकारी त्यालाही टाळतात, एवढ्यासाठी हे सोंग. मी थोडा पुढे वाकलो तसा तो धागा सोडून खाली लोंबकळला, आणि तिथे सोंग संपलं, कारण मुंगीला असं करता येत नाही. नाव कळलं की फोटो काढून पुढे जायची घाई मला मुळीच पटत नाही. हा धागा दिसायला थांबावंच लागतं.

रात्री विजेरी कपाळाशी धरून पाचोळ्यावर प्रकाश टाकला. जागोजागी हिरवट निळसर ठिणग्या दिसल्या, लांडगा कोळ्यांचे डोळे. त्यांच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून विजेरी नजरेच्या रेषेतच हवी. एक ठिणगी एकटी नव्हती, भोवती बारीक चकाकी होती. जवळ गेलो तर पाठीवर पिल्लांचा थर घेतलेली मादी. अंड्यांची पिशवी ती शरीराच्या मागच्या टोकाला चिकटवून हिंडते आणि पिल्लं बाहेर पडली की ती पाठीवर चढतात.

परतताना वाटेच्या कडेला पाचोळ्याचे ढीग रचलेले दिसले. वाट स्वच्छ करायची म्हणून ते सकाळी पेटवायचे आहेत, असं कळलं. अशा पाचोळ्यात हे कोळी, गोमी, पैसा किडे, शंखातल्या गोगलगायी, कितीतरी भुंगेऱ्यांच्या अळ्या राहतात. ओल धरणारा आणि कुजून माती होणारा थरही तोच. माणसांच्या पायाखाली पानं येतात एवढीच अडचण असेल, तर ती झाडीत आत लोटून देता येतील. सकाळी काडी लागायच्या आत तिथे जाऊन हे सांगायचं आहे, आणि विजेरी सोबत नेणार आहे. ढिगाच्या तळाशी अंधार असतो, तिथलं पेटवणाऱ्यांना दाखवता येईल.