नंदीवाल्या आजोबांचा फ्लेक्स

पोळ्याच्या तोंडावर नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात जेवायलाही उसंत नसते. तान्हा पोळा, म्हणजे लहान पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, आणि मारबतीची मिरवणूक एकाच दिवशी, त्यामुळे मंडळं, शाळा, निवडणुकीला उभं राहायचं ठरवलेले सगळे एकदमच येतात. मॅटर व्हॉट्सअ‍ॅपवर, अर्धं हिंदी अर्धं मराठी, फोटो अंधारातले.

त्या गर्दीत एक मुलगा वडिलांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला आला, सोबत त्याची लहान मुलगी. वारलेले आजोबा दरवर्षी तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी विकायला बसायचे. स्क्रीनवर एका शाळेचा बॅनर उघडा होता, ‘मोदक’ फॉन्टमधला. पोरगी म्हणाली, “आबाचं नाव याच्यातच लिहा. हे आबाच्या नंदीसारखं आहे.”

मोदक हा ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा फॉन्ट. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला, खुल्या परवान्याचा, फुकट. अक्षर इतकं गुबगुबीत की आत पोकळी उरतच नाही, नुसती बारीक फट. ‘ब’ आणि ‘व’ यांतला फरक त्या फटीवर. ती बुजली की अक्षराचा गोळा होतो, आणि आमच्या धंद्यात बुजवणारेच फार. कुणी अक्षर उभं ताणतं. कुणी लाल अक्षराला जाड काळी आउटलाइन देतं. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती अर्धी आत जाते, अर्धी बाहेर, म्हणजे फट काळीच. वर शॅडो. फ्लेक्सवर शाई थोडी पसरते ते वेगळंच. आणि मग म्हणायचं, फॉन्ट वाचता येत नाही! इतक्या जीव लावून काढलेल्या अक्षराचे असे हाल मला बघवत नाहीत.

आमचा ऑपरेटर कुजबुजला, “भाऊ, श्रद्धांजलीले असं अक्षर कोणी लावते का?”

मी लावलं. ‘नंदीवाले आजोबा’ एवढ्या दोनच शब्दांना मोदक, जवळपास फूटभर उंच, फिक्या पिवळ्यावर गडद तांबडा. आउटलाइन नाही, शॅडो नाही, ओळीत अंतर मोकळं. ‘जो’ची मात्रा शिरोरेषेवर नीट टेकलेली दिसत होती. पूर्ण नाव, तारखा, शोकाकुल परिवार हे सगळं साध्या ‘मुक्ता’ फॉन्टमध्ये. कमळ आणि ज्योत काढून टाकली. मुलाने प्रूफ पाहिलं, काही बोलला नाही, फक्त मान हलवली.

संध्याकाळी त्याचे मोठे काका आले, रागाने लाल. “हे का बारसं आहे का जी?” त्यांनी नेहमीच्या अक्षरात, ज्योतीसकट, दुसरा फ्लेक्स करून घेतला. चौकात दोन्ही लागले.

काकांचं दुःख खोटं नव्हतं, त्यांना उलट उत्तर देणं मला जमलं नाही. पण ज्या माणसाने आयुष्यभर पोरांसाठी गोंडस बैल कोरले, त्याचं नाव गोंडस अक्षरात का नसावं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. मला पोरीचंच बरोबर वाटतं.

आता तेरवीची पत्रिका आमच्याकडेच आली आहे. पत्रिकेच्या आकारात मोदकची फट टिकत नाही, म्हणून फक्त नाव मोठं घेऊन एक प्रूफ केलंय, एक नेहमीचं. दोन्ही पाठवलीत. काकांचा फोन यायचाय.