घरच्या सर्व्हरवर गाणी: नॅव्हीड्रोम, पावसाळा आणि टॅग

नॅव्हीड्रोम म्हणजे आपल्या यंत्रावरची गाणी फोनवर किंवा ब्राउझरमध्ये ऐकवणारं सॉफ्टवेअर. ते बसवायला अर्धा तास पुरतो. वेळ जातो तो वीज गेल्यावर ते आपोआप उभं राहावं यासाठी, आणि हवं ते गाणं सापडावं यासाठी.

यंत्र म्हणून जुना लॅपटॉप घ्यावा. पावसात वीज गेली की त्याची बॅटरीच यूपीएसचं काम करते. ४ जीबी रॅम भरपूर होते. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि त्यावर डॉकर (प्रोग्रॅम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) टाका. कंपोज फाइलमध्ये (डॉकरला काय चालवायचं ते सांगणारी फाइल) दोनच फोल्डर जोडायचे: गाण्यांचं (फक्त वाचण्याची परवानगी देऊन) आणि डेटाचं. पोर्ट ४५३३. डेटा फोल्डरची मालकी कंटेनरच्या युजरकडे नसेल तर डेटाबेस तयार होत नाही, मग लॉग पाहत बसावं लागतं. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये ही सेटिंग लॉगिंड या लिनक्सच्या सेवेच्या फाइलमध्ये असते. राउटरलाही छोटा यूपीएस लागतो. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

आता यूएसबी डिस्क. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी) ती यूयूआयडीने (डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक) नोंदवा, कारण यंत्र परत सुरू झाल्यावर डिस्कचं नाव बदलू शकतं. सोबत 'नोफेल' लिहा, नाहीतर डिस्क सापडली नाही की बूटच अडतं. पण नोफेलमुळे बूट डिस्कसाठी थांबत नाही. डॉकर आधी उठला, तर कंटेनरला रिकामं फोल्डर दिसतं आणि डिस्क मागाहून जोडली गेली तरी ते रिकामंच राहतं. गाणी गेली असं वाटतं, पण ती जागच्या जागी असतात. कंटेनर रीस्टार्ट केला की दिसतात. कायमचा उपाय म्हणजे डॉकरच्या सिस्टमडी (लिनक्समध्ये सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) सर्व्हिसमध्ये 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' या ओळीत डिस्कचा मार्ग देणं.

घराबाहेरून ऐकायचं तर आधी राउटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे (इंटरनेट कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते ती पद्धत) आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून आलेली जोडणी राउटरने घरच्या यंत्राकडे पाठवणं) उपयोग नाही. टेलस्केल (फोन आणि सर्व्हर एका खाजगी जाळ्यात जोडणारी सेवा) वापरा. सीडीवरून काढलेलं फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेला ध्वनी) तासाला साधारण ३०० ते ४०० एमबी खातं. फोनच्या ॲपमध्ये ओपस १२८ (सेकंदाला १२८ किलोबिटचा दाबून लहान केलेला ध्वनी) निवडलं तर तेच ५८ एमबीच्या आसपास येतं.

टॅगवर (फाइलच्या आत लिहिलेली गायक, अल्बम वगैरे माहिती) मात्र मनापासून वेळ घाला. नॅव्हीड्रोम फाइलचं नाव नाही, टॅग वाचतं. 'किशोरी आमोणकर', 'किशोरी अमोणकर' आणि रोमन लिपीतलं नाव म्हणजे त्याच्या लेखी तीन गायिका. एकच लेखन ठरवा आणि किड३मध्ये (टॅग बदलण्याचा प्रोग्रॅम) सगळ्या फाइली एकदम निवडून बदला. नाट्यगीतांच्या संग्रहात 'अल्बम आर्टिस्ट' रिकामा असेल तर एका अल्बमचे गायकागणिक तुकडे होतात. तिथे सगळ्या फाइलींना एकच नाव द्या. राग 'ग्रुपिंग'मध्ये लिहावा, 'जॉनर'मध्ये शास्त्रीय, नाट्यगीत, भजन एवढंच असू द्यावं.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) घुमट आरत्या (घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने म्हटलेल्या) फोनवर रेकॉर्ड केलेल्या असतात आणि फाइलच्या नावात नुसती तारीख असते. गाव, साल, घुमटावर कोण, शामेळावर (काठ्यांनी वाजवायचं साथीचं तालवाद्य) कोण हे सांगणारी माणसं घरात आहेत तोवर 'कॉमेंट'मध्ये लिहून घ्या. या फाइली दुसरीकडे कुठेच मिळायच्या नाहीत. त्यांची आणि डेटा फोल्डरची प्रत (कंटेनर थांबवून काढलेली) वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा, ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर.