मॉरिशस आणि फिजी : गिरमिटियांच्या वंशजांच्या दोन वाटा

परदेशी गेलेल्या भारतीयांचा विषय निघाला की आपल्याकडे एक विधान हमखास केले जाते. आपला माणूस कष्टाळू, काटकसरी आणि मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणारा असतो, म्हणून तो जाईल तिथे वर येतो, असे ते विधान. पुरावा म्हणून मॉरिशसचे नाव पुढे केले जाते. हे विधान मला मान्य नाही, आणि त्याचे कारण फिजी आहे. उत्तर भारताच्या त्याच भोजपुरी-अवधी पट्ट्यातून आणि त्याच दक्षिण भारतातून, ब्रिटिश साम्राज्याच्या त्याच पाच वर्षांच्या कराराखाली, त्याच उसाच्या पिकासाठी माणसे दोन्हीकडे नेली गेली. कष्ट, काटकसर आणि शिक्षणाची ओढ दोन्हीकडे होती. तरीही त्यांच्या वंशजांची आजची सामाजिक आणि आर्थिक स्थिती इतकी वेगळी आहे की तिचे उत्तर माणसांच्या गुणांत शोधणे हा फिजीतल्या भारतीयांवर अन्याय ठरतो. ते उत्तर जमिनीच्या मालकीत आहे, असे माझे मत आहे.

गुलामगिरी कायद्याने संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ हे जहाज छत्तीस मजुरांना घेऊन पोर्ट लुईला लागले, आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख भारतीय मॉरिशसला उतरले. मुंबई बंदरातूनही जहाजे जात असल्यामुळे त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. फिजीची कहाणी बरीच उशिरा सुरू होते. १४ मे १८७९ रोजी ‘लिओनिदास’ हे पहिले जहाज कलकत्त्याहून तिथे पोहोचले, आणि १९१६ पर्यंत सुमारे साठ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक कलकत्त्याहून आणि १९०३ नंतर काही मद्रासहून गेली. फिजीच्या जहाजांसाठी मुंबईत भरती झाली नाही, त्यामुळे मॉरिशसला आहे तसा मराठी समाज तिथे उभा राहिला नाही.

कराराला फिजीत ‘गिरमिट’ (‘ॲग्रीमेंट’चा अपभ्रंश) म्हणत, करारावर गेलेल्याला ‘गिरमिटिया’ आणि मळ्यावरच्या आयुष्याला ‘नरक’. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया एवढेच प्रमाण सक्तीचे असल्याने कुटुंबे मोडत, आणि त्याची सर्वांत मोठी किंमत स्त्रियांनी मोजली. नेमून दिलेले काम पुरे झाले नाही तर मजुरी कापली जाई, आणि गैरहजेरी हा तुरुंगात टाकण्याजोगा गुन्हा होता. मॉरिशसमध्येही परवाना जवळ नसलेल्या जुन्या मजुराला भटका ठरवून पकडण्याची पद्धत अनेक वर्षे चालली. या बाबतीत दोन बेटांत डावे-उजवे करावे असे काही नाही.

फरक पडला तो जमिनीवर आधीपासून कोण राहत होते यामुळे. मॉरिशसला मूळ रहिवासी नव्हते. डच, फ्रेंच आणि ब्रिटिश या क्रमाने तिथे सत्ता आली, जमीन फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांकडे राहिली आणि श्रम आधी आफ्रिका व मादागास्करमधून आणलेल्या गुलामांचे, नंतर भारतीयांचे. १८६१ च्या सुमारास बेटावरचे दर तीन माणसांतले दोन भारतीय होते. फिजीत मात्र ई-तौकेई हा मूळ समाज होता, त्याची स्वतःची गावे, सरदार आणि कुळांची सामायिक जमीन होती. ऑक्टोबर १८७४ मध्ये फिजी ब्रिटिशांकडे आले आणि पुढच्याच वर्षी गोवराच्या साथीत या समाजातली हजारो माणसे, काही अंदाजांनुसार चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक, दगावली.

या दोन्ही बेटांच्या इतिहासात एकच ब्रिटिश अधिकारी भेटतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सर आर्थर गॉर्डन १८७१ ते १८७४ या काळात मॉरिशसचे गव्हर्नर होते. भारतीय मजुरांची दैना मांडणारा अडोल्फ द प्लेवित्झ यांचा अर्ज त्यांच्याच कारकिर्दीत पुढे आला, आणि त्यातून चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले गेले. मळ्यांची व्यवस्था माणसाचे काय करते हे गॉर्डन यांनी तिथे जवळून पाहिले होते. १८७५ मध्ये ते फिजीला गेले तेव्हा साथीने खचलेल्या ई-तौकेई समाजाची तशी गत होऊ द्यायची नाही, असे त्यांनी ठरवले. म्हणून त्या समाजाची जमीन विकता येणार नाही असा नियम केला आणि त्याला मळ्यांवरच्या मजुरीपासून दूर ठेवले. पण वसाहतीचा खर्च तर भागायला हवा होता. मग मळ्यांसाठी भारतातून गिरमिटिये आणण्याचा मार्ग त्यांनीच खुला केला. एका समाजाचे संरक्षण झाले आणि त्याचा भार दुसऱ्या समाजाच्या खांद्यावर आला.

कूळकायद्याच्या आठवणी घरात असलेल्या कोकणातल्या वाचकाला इथे ‘कसेल त्याची जमीन’ हेच सूत्र आठवेल. फिजीत ते तसे लावता येत नाही. तिथला जमीनमालक खोत किंवा सावकार नाही. आपली भूमी सोडून ज्याच्याजवळ फारसे काही उरले नव्हते, असा तो मूळ समाज आहे. गॉर्डन यांचे धोरण नसते तर फिजीची जमीनही युरोपीय मळेवाल्यांच्या घशात गेली असती, याविषयी मला शंका नाही. आज त्या देशातली सुमारे ८७ टक्के जमीन ई-तौकेई कुळांच्या सामायिक मालकीची आहे. ते धोरण बरोबर होते, आणि त्यामुळे गिरमिटियांची मुले पिढ्यान्‌पिढ्या भाड्याच्या जमिनीवरच राहिली. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि त्यांतले एक सोयीस्करपणे गाळून फिजीविषयी बोलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मॉरिशसमध्ये १८८० च्या सुमारास निराळेच घडत होते. युरोपात बीटची साखर वाढल्याने भाव पडले होते, मलेरियाच्या साथी येऊन गेल्या होत्या, मळेवाले कर्जात बुडत होते. त्यांनी आपल्या मळ्यांच्या कडेची, हलकी, दगडगोट्यांची जमीन तुकडे पाडून विकायला काढली, आणि करार संपलेल्या भारतीयांनी ती विकत घेतली. घेणाऱ्यांत मुकादमी करून, टोळ्या पुरवून किंवा व्याजबट्टा करून पैसा जोडलेले ‘सरदार’ पुढे होते. त्यांच्यामागून साध्या मजुरांनीही हप्त्याहप्त्याने एक-दोन एकर मिळवले. दगड वेचून बांध घातले, ऊस लावला आणि तो मोठ्या कारखान्याला घातला. १९२० च्या आसपास, साखरेचे भाव चढलेले असताना, उसाखालच्या जमिनीचा एक तृतीयांश किंवा त्याहून मोठा हिस्सा भारतीयांकडे होता. उत्तम जमीन आणि कारखाने फ्रेंच वंशाच्या घराण्यांकडेच राहिले, हेही इथेच नोंदवले पाहिजे.

एक-दोन एकरांच्या मालकीने काय होते, असे कोणी विचारेल. तारण ठेवायला काहीतरी असते. मुलगा शाळेत जातो तेव्हा त्याच्या फीसाठी जमिनीवर कर्ज काढता येते. गावात घर स्वतःच्या नावावर असते, त्याच्या शेजारी देऊळ उभे राहते आणि ‘बैठका’ भरते. या बैठकांत संध्याकाळी हिंदी, तमिळ, मराठीची अक्षरे शिकवली जात. १९४८ च्या निवडणुकीत मतदानासाठी साधी साक्षरतेची अट आली आणि ती बेटावर चालणाऱ्या कोणत्याही भाषेत पुरी करता येत होती. बसदेव बिसुनदयाल यांच्या चळवळीने गावोगाव माणसांना लिहायला शिकवले, आणि मतदारांची संख्या सुमारे बारा हजारांवरून सत्तर हजारांच्या पुढे गेली. जमीन, अक्षर आणि मत यांची ही साखळी मला मॉरिशसच्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. तिला रक्तही लागले. सप्टेंबर १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल इथे संपावरच्या मजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात अंजले कूपन ही गरोदर स्त्री मारली गेली.

फिजीत करार संपल्यावर गिरमिटिया उसाच्या पिकाशीच बांधलेला राहिला. कोलोनियल शुगर रिफायनिंग या ऑस्ट्रेलियन कंपनीने १९२० नंतर आपल्या मळ्यांचे साधारण दहा-दहा एकरांचे तुकडे पाडून ते भारतीयांना खंडाने दिले. इतरांनी ई-तौकेई कुळांकडून भाडेपट्टे घेतले. ऊस कधी तोडायचा आणि त्याला काय भाव द्यायचा हे कंपनीच ठरवत असे, कारण कारखाने तिचेच होते. १९२१ आणि १९४३ साली मोठे संप झाले. १९६९ मध्ये लवाद म्हणून आलेल्या लॉर्ड डेनिंग यांनी उत्पन्नातला ६५ टक्के वाटा ऊस पिकवणाऱ्यांना द्यावा असा निवाडा दिला. त्यानंतर कंपनीने तो देशच सोडला आणि १९७३ मध्ये कारखाने सरकारी महामंडळाकडे गेले. ऊस उत्पादक आणि कारखानदार यांच्यातली दराची झुंज महाराष्ट्राला नवी नाही, पण आपल्या शेतकऱ्याच्या पायाखाली निदान स्वतःचा सातबारा असतो.

फिजीतल्या भाडेपट्ट्यांना १९७६ च्या कायद्याने किमान तीस वर्षांची मुदत दिली. १९९७ पासून त्या मुदती संपू लागल्या आणि हजारो पट्टे पुन्हा मिळाले नाहीत. तीन-तीन पिढ्या ज्या वावरात राबल्या ते सोडून कुटुंबे सुवा, नौसोरी, लौटोका यांच्या कडेला पत्र्याच्या झोपड्यांत राहायला आली. फिजीतला भारतीय म्हणजे दुकानदार आणि पैसेवाला, ही समजूत मुख्यतः स्वतःच्या खर्चाने नंतर आलेल्या गुजराती व्यापाऱ्यांकडे पाहून झाली आहे. गिरमिटियाच्या नातवाला ती लागू करणे चूक आहे. १९९० च्या दशकात वर्षाला चाळीस लाख टनांच्या आसपास होणारा ऊस आज निम्म्याहून खाली आला आहे, यात आश्चर्य नाही. ज्याला मुदतवाढीची खात्री नाही, तो रानात खत कशाला घालील?

राजकारणातही मालकीची हीच सावली पडली. मॉरिशसमध्ये भारतीय वंशाचे बहुसंख्य १९६८ च्या स्वातंत्र्यानंतर सत्तेत बसले, आणि सर शिवसागर रामगुलाम यांच्या सरकारने तयार कपड्यांचे कारखाने, पर्यटन आणि १९७७ पासून मोफत माध्यमिक शिक्षण या वाटांनी देश उसाबाहेर काढला. युरोपने चढ्या दराने साखर घेण्याचा जो करार १९७५ पासून पाळला, त्याचा सर्वांत मोठा वाटा मॉरिशसलाच मिळाला आणि तो पैसा नव्या उद्योगांत गेला. फिजीलाही त्या करारात वाटा होता. पण तिथे भारतीय निम्म्याच्या आसपास असूनही त्यांची सत्ता म्हणजे जमिनीला धोका, अशी भीती मूळ समाजात पसरवणे सोपे होते. भारतीयांचा मोठा पाठिंबा असलेले पंतप्रधान टिमोसी बवाद्रा यांचे सरकार १४ मे १९८७ रोजी, ‘लिओनिदास’च्या आगमनाच्याच तारखेला, लष्करी अधिकारी सिटिवेनी राबुका यांनी लष्करी बळावर उलथवले. पुढे १९९९ मध्ये भारतीय वंशाचे महेंद्र चौधरी पंतप्रधान झाले, तर वर्षभरात, मे २००० मध्ये, त्यांना संसदेतच ५६ दिवस ओलीस ठेवण्यात आले. लाखाहून अधिक फिजी-भारतीयांनी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाची वाट धरली. १९६६ मध्ये निम्म्याहून थोडा जास्त असलेला हा समाज २००७ च्या जनगणनेत ३७.५ टक्क्यांवर आला. डॉक्टर, शिक्षक, हिशेबनीस आधी गेले. मागे राहिले ते बहुतांशी ज्यांना जाणे परवडले नाही ते.

फिजीच्या भारतीयांनी शिक्षणात कसूर केली असे मात्र कोणी म्हणू नये. आर्य समाजाने लौटोकाजवळ १९१८ मध्ये गुरुकुल सुरू केले, दक्षिण भारतीयांच्या संगम संस्थेने आणि सनातन सभांनी शाळा उभारल्या, आणि त्या शाळांसाठी उसाच्या पैशातून वर्गणी निघत असे. मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर १९०७ मध्ये मॉरिशसला गेले, तिथे मजुरांचे खटले लढले, वर्तमानपत्र काढले; १९१२ मध्ये तेच फिजीला आले आणि १९२० च्या संपानंतर सरकारने त्यांना तिथून हद्दपार केले. त्याच १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी ही करारपद्धत पूर्णपणे बंद करावी असा ठराव कलकत्त्याच्या कायदे मंडळात मांडला होता. तो फेटाळला गेला, आणि फिजीकडे जहाजे आणखी चार वर्षे जात राहिली. दोन्ही समाजांना नेते मिळाले, संस्था मिळाल्या, जिद्द होतीच.

मॉरिशसचे कौतुक करतानाही थांबून विचार करावा लागतो. तिथे गुलामांच्या वंशजांचा क्रिओल समाज आहे. गुलामगिरी संपली तेव्हा नुकसानभरपाई मळेवाल्यांना मिळाली, मुक्त झालेल्यांना काहीच नाही. पुढे जमिनीचे तुकडे विकले गेले तेव्हा त्यांच्यातल्या फार थोड्यांना ते घेता आले, आणि सरकारी नोकऱ्यांतही हा समाज मागे राहिला. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या लोकप्रिय गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला तेव्हा तो साठलेला संताप रस्त्यावर आला. जमिनीवाचून राहिलेल्या समाजाची जी स्थिती फिजीत भारतीयांची दिसते, तिच्याशी जुळणारे बरेच काही मॉरिशसमध्ये क्रिओलांच्या वाट्याला आले आहे. ‘आपल्या लोकांच्या गुणां’चा दाखला देणाऱ्यांनी हा समाज पाहावा, असे मला वाटते.

मे २०२३ मध्ये फिजीत गिरमिट दिवसाची पहिली सार्वजनिक सुट्टी देण्यात आली आणि पुन्हा पंतप्रधान झालेल्या राबुका यांनी १९८७ च्या उठावाबद्दल जाहीर क्षमा मागितली. ती मनापासून होती असे मी मानतो, आणि अनेक फिजी-भारतीयांनी ती स्वीकारलीही. जमिनीचा कायदा मात्र आहे तिथेच आहे. १९९७ नंतर ज्यांना तीस वर्षांचे नवे पट्टे मिळाले, त्यांच्या मुदती आता २०२७ पासून पुन्हा संपू लागतील. त्या वेळी ई-तौकेई जमीनमालकांना रास्त भाडे आणि शेतकऱ्याला लांबची मुदत, किंवा उठावे लागल्यास घर बांधण्यापुरती भरपाई, यांचा लेखी करार दोन्ही समाज बसून करतात का, याकडे माझे लक्ष आहे.