सहीपुरती बाई

शाळा व्यवस्थापन समितीत माझी निवड झाली ती काही माझ्या कर्तबगारीने नाही. बाई कमी पडत होती म्हणून. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत 75 टक्के पालक लागतात आणि सदस्यांपैकी निम्म्या बायका. जुलैतली पालकसभा (आमच्या विदर्भात उन्हापायी शाळाच जूनच्या शेवटी उघडते) संपत आली तरी एक नाव सापडेना. मी दाराशी चप्पल शोधत होते. "ताई, तुमचं नाव टाकून राहिलो बरं का," मुख्याध्यापक सर म्हणाले. मी मान हलवली. झाले सदस्य.

तोवर शाळेशी माझा संबंध किती? तान्ह्या पोळ्याला लेकीचा लाकडी बैल सजवून द्यायचा आणि प्रगतिपुस्तकावर सही करायची.

पहिल्या बैठकीचा निरोप आलाच नाही, थेट वही आली. शाळा सुटताना गेटवर शिपाई भाऊंनी पुढे केली. "इथं सही मारा फक्त." सहज वर नजर गेली: 'मुलींच्या स्वच्छतागृहाची पाहणी केली, समाधानकारक.' माझी पाचवीतली लेक रोज भरलेली पाण्याची बाटली तशीच घरी आणायची. विचारलं तर म्हणे, पाणी प्यालं की जावं लागते, अन् तिथे दाराला कडीच नाही. मैत्रीण बाहेरून दार धरून उभी राहते.

तिथल्या तिथे खडसावलं असं सांगायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात मी म्हणाले, "चष्मा घरी राहिला, उद्या करते."

त्या रात्री शेजारच्या पोराकडून मोबाईलवर नियम वाचून घेतले. बैठक महिन्यातून एकदा तरी व्हायला हवी. अध्यक्ष पालकच असतो, मुख्याध्यापक सचिव. आमचे अध्यक्ष भाजीचा ठेला लावतात. त्यांना गाठलं तर म्हणाले, "मी अध्यक्ष आहो हे माहीत आहे जी, पण खुर्चीवर सरच बसते ना."

खरी अडचण वेळेची होती. सकाळी अकराची बैठक, त्या वेळी कोणी कामावर, कोणी ठेल्यावर. मी स्वतः नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) कापडाच्या दुकानात. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून ती सुटल्यावर बैठक ठेवा असा अर्ज आम्ही चौघींनी दिला. सर आठवडाभर फुरंगटले, मग तयार झाले. त्या शनिवारी आम्ही सातजण होतो.

"निधी कुठाय?" सरांचा पहिला प्रश्न. एका मॅडमने हळूच सांगितलं की शाळेला सरकारकडून दरवर्षी मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातले किमान 10 टक्के स्वच्छतेवरच खर्च करायचे असतात. सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मलाच त्यांची काळजी वाटली. कडी तर अध्यक्षांनी सोमवारी स्वतःच आणून बसवली, बिलाची वाट न पाहता. नळाला मात्र दिवाळीनंतर पाणी आलं. मधल्या तीन बैठका त्याच एका नळावर गेल्या आणि दर वेळी वहीत 'पाणी नाही' असंच लिहायला लावलं, 'कार्यवाही सुरू आहे' नाही.

आता बैठकीची सूचना चार दिवस आधी फोनवर येते. इतिवृत्त सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात, मगच सह्या होतात. शिपाई भाऊ सांगत होते, सर माझं नाव घेतच नाहीत, "त्या चष्म्यावाल्या ताईंना कळवलं का?" एवढंच विचारतात.