ऊन पाण्याची गावे

वज्रेश्वरीची सहल ज्याच्या लहानपणी झालेली नाही असा मुंबई-ठाण्याकडचा मराठी माणूस विरळाच असेल. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी बांधवलेले देवीचे मंदिर, तानसा नदीच्या काठावरची अकलोलीची कुंडे आणि पुढे गणेशपुरी असा तो ठरलेला क्रम असतो. ज्यांना गर्दीची आणि प्रसादाच्या दुकानांची सवय आहे त्यांनी तिथे जरूर जावे, परंतु गरम पाण्यात निवांत बसावे एवढीच ज्यांची इच्छा आहे त्यांना मी नेहमी आणखी दक्षिणेकडची वाट सांगते. रायगड आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांत अशी कितीतरी कुंडे आहेत की जिथे तिकीटखिडकी नाही, वेळेची पाटी असलीच तर ती पुसट झालेली आहे आणि पहाटे साडेपाचला खांद्यावर टॉवेल टाकून येणाऱ्या गावकऱ्यांखेरीज कोणी भेटत नाही.

नकाशावर या कुंडांच्या जागा खुणा करून पाहिल्या तर त्यांची एक ओळ दिसू लागते. पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून राजापूरपर्यंत, म्हणजे सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात, हे झरे विखुरलेले आहेत. पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, दापोली तालुक्यातील उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातील आरवली, तुरळ आणि राजवाडी, आणि शेवटी राजापूरजवळचे उन्हाळे ही त्यांतली ठळक नावे. १८८० साली निघालेल्या रत्नागिरीच्या गॅझेटियरमध्येही हे झरे समुद्र आणि सह्याद्री यांच्या साधारण मध्यावर एका रांगेत असल्याची नोंद आहे, आणि ती वाचून मला त्या काळातल्या सर्वेक्षकांच्या पायपिटीचे कौतुक वाटले होते.

ही रांग योगायोगाने पडलेली नाही. कोकणची जमीन ज्या काळ्या पाषाणाची आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे, त्यामुळे खाली अजूनही ज्वालामुखी धगधगत असेल असे अनेकांना वाटते आणि काही ठिकाणी वाटाडेही तसेच सांगतात. तो लाव्हा केव्हाच थंड झाला आहे. पाणी तापते ते पृथ्वीच्या पोटातील नित्याच्या उष्णतेने. जमिनीखाली जसजसे खोल जावे तसतसे तापमान दर किलोमीटरला साधारण पंचवीस ते तीस अंशांनी वाढत जाते. कोकणात पडणाऱ्या धो धो पावसातले थोडे पाणी किनाऱ्याला समांतर गेलेल्या खोल भेगांमधून खाली मुरते, तिथे तापते आणि जिथे वर येण्यास मोकळी वाट सापडते तिथे पुन्हा प्रकट होते. म्हणजे ज्या पाण्यात आपण बसतो ते कधीकाळी याच डोंगरांवर पडलेल्या पावसाचे असते. काही झऱ्यांच्या पाण्याला मात्र किंचित खारट चव असते, आणि अशा काही ठिकाणी अभ्यासकांना खोलवर मिसळलेल्या समुद्राच्या पाण्याचा अंशही आढळला आहे.

कुंडातून वर येणारे बुडबुडे पाहून ‘पाणी उकळतंय’ असे म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात उन्हवऱ्याचे पाणी या सगळ्यांत अधिक तापलेले, तरी ते सत्तर अंश सेल्सियसच्या आसपास असते. तुरळचे साठीच्या घरात, तर पाली आणि राजापूर येथील पाणी चाळिशीच्या आसपास असते. बुडबुडे येतात ते पाण्याबरोबर वर येणाऱ्या वायूंचे, आणि त्यांत नायट्रोजनचे प्रमाण मोठे असते. सत्तर अंशांना अंडे घट्ट होते, भात मात्र होत नाही. त्यामुळे हिमाचलातल्या मणिकरणच्या गरम झऱ्यांत कापडात तांदूळ बांधून शिजवतात म्हणून आपणही इथे तसे करून पाहावे असा मोह टाळलेला बरा. अंड्यांचा प्रयोग करणारे टरफले तिथेच टाकून जातात आणि ती काढण्याचे काम गावातल्या कोणाला तरी करावे लागते, हेही लक्षात असू द्यावे.

माझ्या मते या सगळ्यांत बसण्यास उत्तम जागा राजवाडीची. मुंबई-गोवा महामार्गावर आरवली आणि संगमेश्वर यांच्या दरम्यान तुरळ लागते. तिथले कुंड रस्त्याच्या इतके जवळ आहे की ट्रकचालक थांबतात, अंघोळ आटोपतात आणि पुढे निघतात. त्यांच्या दृष्टीने ती फार मोठी सोय आहे, आणि रात्रभर गाडी चालवलेल्या माणसाच्या पाठीला त्या पाण्याने काय वाटत असेल हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येते. राजवाडी मात्र महामार्ग सोडून आत आहे. सोमेश्वराच्या जुन्या देवळाजवळच कुंड असून सभोवार झाडी आहे, आणि थंडीच्या दिवसांत तिथे पोचण्याआधीच झाडांच्या मधून वर चढणारी वाफ दिसते.

मी तिथे पहिल्यांदा उतरले ती डिसेंबरातली पहाट होती. कोकणात थंडी ती काय, असे घाटावरचे लोक म्हणतात, पण ओढ्याकाठच्या गावात त्या वेळी बोटे आखडण्याइतका गारठा असतो. कुंडाच्या पायरीवर दोन आज्या आधीच बसलेल्या होत्या. लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, पाय पिंढरीपर्यंत पाण्यात आणि गप्पा कोणाच्या तरी सुनेच्या बाळंतपणाच्या. मी थेट पाण्यात शिरू लागल्यावर त्यांतली एक म्हणाली, “अगो, वायच दम धर. आधी पाय सोडून बस, मग गुडघे, मग कंबर. एकदम शिरलीस तर घेरी येईल.” मी बसले. पहिला मिनिटभर पाऊल भाजल्यासारखे वाटले, नंतर त्वचेला पाण्याची ओळख पटली आणि पायरीच्या कडेला जमलेला पांढुरका क्षार हाताला खरखरीत लागू लागला. आजीने माझ्या हातातल्या चांदीच्या कड्याकडे बोट दाखवून ते काढायला सांगितले, कारण या पाण्याने चांदी काळवंडते. पाण्यातल्या गंधकाच्या संयुगांची तीच करामत. तो कुजक्या अंड्यासारखा मंद वास पहिल्या क्षणी नकोसा वाटतो आणि थोड्या वेळाने जाणवेनासा होतो.

हळूहळू उतरण्याचा आजीचा सल्ला वैद्यकाच्या दृष्टीनेही अगदी योग्य होता. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि झटकन उठून उभे राहिल्यास चक्कर येते. म्हणून चाळीस अंशांच्या आसपासच्या पाण्यातही दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन बसावे, पाणी प्यावे आणि मगच पुन्हा उतरावे. हृदयविकार असलेल्यांनी, रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. मद्य पिऊन तर कोणीच उतरू नये, आणि हे लिहावे लागते याचे कारण शनिवारी रात्री महामार्गालगतच्या कुंडांवर काय चालते हे तिथे गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कोमट आणि गरम गोड्या पाण्यात वाढणारा, नाकावाटे मेंदूपर्यंत पोचणारा एक सूक्ष्म अमीबा असतो. त्याची लागण अतिशय दुर्मिळ आहे, पण ती झाली तर बहुधा जीवघेणी ठरते. म्हणून डोके पाण्याखाली घालू नये आणि मुलांना सूर मारू देऊ नये एवढे पथ्य पाळणे अवघड नाही.

त्वचारोग बरे होतात का, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. या समजुतीला पुराणातला आधारही दिला जातो. जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यातले उनकेश्वर या दोन्ही ठिकाणी शरभंग ऋषींची कथा सांगितली जाते. ऋषींच्या अंगावरची व्याधी दूर व्हावी म्हणून रामाने बाण मारून गरम पाणी काढले, अशी ती कथा आहे. दोन्ही गावे आपापल्या बाणावर ठाम आहेत आणि त्यांच्यात निवाडा करण्याची माझी तयारी नाही. माझा अनुभव इतकाच की दुखऱ्या सांध्यांना आणि आखडलेल्या कमरेला ऊन पाण्याने आराम पडतो. खरजेसारख्या संसर्गाच्या रोग्याने मात्र चार माणसांच्या कुंडात उतरू नये. त्याने बाहेर पडणाऱ्या प्रवाहाखाली बसून तांब्याने अंघोळ करावी, जशी जुनी माणसे करत असत.

आता जरा तक्रारीचा मुद्दा. बहुतेक कुंडांवर स्त्री-पुरुषांसाठी वेगळी सोय आहे आणि ती हवीच. परंतु अनेक ठिकाणी पुरुषांचे कुंड उघड्यावर, ऐसपैस आणि झाडाखाली असते, तर बायकांच्या वाट्याला चार भिंतींची, वर एखादा झरोका असलेली कोंदट खोली येते. गरम पाण्याची वाफ तिथे कोंडते आणि दहा मिनिटांत जीव घाबरा होतो. आडोसा हवा म्हणून भिंत बांधणे समजते, पण छप्पर काढून भिंत पुरुषभर उंच ठेवली तर आडोसाही राहतो आणि आकाशही दिसते. कुंडांच्या सुशोभीकरणासाठी निधी येतो तेव्हा तो गुळगुळीत फरश्यांवर खर्च होतो. या फरश्या क्षाराने आणि शेवाळाने इतक्या निसरड्या होतात की वयस्कर बायका जुन्या जांभ्याच्या पायऱ्यांची आठवण काढतात. जांभा पायाला धरतो. ज्यांनी त्या पायऱ्या घातल्या त्यांना हे कोणत्याही आराखड्याशिवाय कळत होते.

सिमेंटचा दुसरा परिणाम पाण्याच्या वाहतेपणावर होतो. कुंड स्वच्छ राहते ते पाणी एका बाजूने सतत येते आणि दुसऱ्या बाजूने सतत जाते म्हणून. बाहेर जाणारी मोरी बारीक केली किंवा साबणाच्या कागदांनी तुंबली की तेच कुंड दोन दिवसांत तेलकट होते. जिथे उगमाचे कुंड वेगळे ठेवून पाणी पाटाने अंघोळीच्या टाक्यात सोडले आहे तिथे ही अडचण कमी येते, शिवाय पाटातून वाहताना पाणी सोसवेल इतके निवतेही. उन्हवऱ्यासारख्या ठिकाणी तर थेट उगमात उतरणे धोक्याचेच आहे, त्यामुळे तिथे अशी वेगळी टाकी असणे ही निव्वळ सोय राहत नाही. साबण लावायचाच असेल तर बाहेर, धुण्याच्या दगडावर बसून लावावा आणि तिथेच बादलीने अंग धुऊन घ्यावे. गावातल्या बायका हाच नेम पाळतात, आणि पर्यटकांकडून तो मोडला गेला की त्या सहसा बोलून दाखवत नाहीत, फक्त उठून जातात.

ही कुंडे फुकट आहेत म्हणजे ती कोणाचीच नाहीत असा अर्थ काढणारे लोक मला भेटले आहेत. प्रत्यक्षात कुंड देवस्थानाचे असते, ग्रामपंचायतीचे असते किंवा निदान त्या वाडीच्या वहिवाटीचे असते, आणि गाळ काढणे, मोरी मोकळी करणे ही कामे तिथलीच माणसे करतात. कुठे देवळाची दानपेटी असते, तीत दोन पैसे टाकावेत. कुठे चहाची टपरी असते, तिथे चहा घ्यावा. तिकीट लावावे का, यावर माझे मत स्पष्टपणे नकाराचे आहे. तिकीट लागले की पहाटेच्या त्या आज्यांना आपल्याच गावात रांगेत उभे राहावे लागेल आणि कंत्राटदाराच्या वेळापत्रकाप्रमाणे अंघोळ करावी लागेल.

जाण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. मे महिन्यातल्या घामात गरम पाण्याचे सुख कळत नाही, आणि पावसाळ्यात नदीकाठची कुंडे पुराच्या पाण्याखाली जातात. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळावा, नाहीच टाळता आला तर उजाडण्यापूर्वी पोचावे. लहान मुले बरोबर असतील तर पालीचे उन्हेरे सोपे पडते. पाणी सोसवते आणि बल्लाळेश्वराचे दर्शनही होते. दापोलीकडे जाणाऱ्यांनी सकाळी उन्हवऱ्याचे स्नान करून त्याच दिवशी पन्हाळेकाजीची एकोणतीस लेणी पाहावीत. राजापूरची गंगा, म्हणजे तिथला अधूनमधून वाहणारा झरा, प्रकट झाल्याची बातमी आली तर उन्हाळे गावच्या कुंडावर भाविकांची दाटी असते, कारण आधी तिथे स्नान आणि मग गंगेची चौदा कुंडे असा अनेकांचा परिपाठ आहे. गंगा नसताना तेच कुंड निवांत असते. बरोबर घ्यावयाचे सामान थोडे आहे: सुती कपडे, जाड टॉवेल, पिण्याचे पाणी, पाय न घसरणारी चप्पल आणि ओले कपडे ठेवण्यास एक पिशवी. चांदीचे दागिने घरीच ठेवावेत.