लेझर प्रोजेक्टर आला, पण ‘की’ येईना : माझा अनुभव

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे एकपडदा चित्रगृह आहे. वडिलांच्या काळात ते कार्बनच्या कांड्यांवर चालत असे, पुढे झेनॉनच्या दिव्यावर चालू लागले आणि गेल्या दिवाळीनंतर आम्ही तेथे फोर-के लेझर प्रोजेक्टर बसवला. कर्ज, वाहतूक, बसवणी यांतले काहीही अडले नाही. अडले ते जेमतेम काही किलोबाइटच्या एका फाइलपाशी, आणि त्या फाइलीने मला जे अकरा दिवस पळवले त्यांचा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

यंत्राच्या निवडीविषयी थोडक्यात सांगतो. झेनॉनचा दिवा म्हणजे दाबाखाली वायू भरलेली काच. ती गार असतानाही फुटू शकते, त्यामुळे दिवा बदलताना ऑपरेटरला तोंडावर मुखवटा आणि हातात जाड मोजे घालावे लागत. आमचा तीन किलोवॉटचा दिवा दीडेक हजार तासांत उतरायचा, म्हणजे रोजचे चार खेळ धरले तर चार महिन्यांना एक दिवा. लेझरचे आयुष्य वीस ते तीस हजार तास सांगतात. मात्र हा आकडा प्रकाश निम्म्यावर येईपर्यंतचा असतो, आणि विक्रेता हे आपणहून सांगत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या उजेडावर भाळून यंत्र घेऊ नये. आमचा पडदा चाळीस फूट रुंद आहे. स्कोप, म्हणजे जास्त रुंद आणि कमी उंच, चित्राचे क्षेत्रफळ त्यावर सुमारे 670 चौरस फूट भरते. डिजिटल सिनेमाच्या मानकाप्रमाणे पडद्यावर 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरून परतणारा उजेड मोजण्याचे माप) उजेड हवा, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्यासाठी यंत्रातून साडेनऊ हजारांच्या आसपास ल्युमेन प्रकाश बाहेर पडावा लागतो. पण स्कोप चित्र प्रोजेक्टरमधल्या चित्र घडवणाऱ्या चिपच्या 2160 ओळींपैकी 1716 ओळीच वापरते, उरलेल्या ओळींवरचा प्रकाश वाया जातो, काही केबिनच्या काचेत अडतो, आणि पाच वर्षांनी यंत्र मंदावणार ते वेगळेच. हा सारा हिशेब कागदावर मांडून आम्ही 18 हजार ल्युमेनचे, लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही लेझर असलेले यंत्र घेतले. हा हिशेब मी स्वतः केला होता, याचा मला अजूनही अभिमान आहे.

आता त्या फाइलीविषयी. पूर्वी गुरुवारी रात्री रिळांच्या पेटीसाठी एसटी स्टँडवर माणूस उभा करून ‘पेटी आली का?’ असे विचारावे लागे. आता ‘की आली का?’ असे विचारतात. चित्रपट हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहामार्फत आधीच आलेला असतो, परंतु तो कुलूपबंद असतो. ते कुलूप उघडणारी फाइल म्हणजे केडीएम, जिला आमच्या धंद्यात सगळे नुसते ‘की’ म्हणतात. ही की एका ठरावीक मीडिया ब्लॉकच्या, म्हणजे सर्व्हरच्या ज्या भागात चित्रपटाचे कुलूप उघडते त्याच्या, डिजिटल प्रमाणपत्रावरून तयार होते, त्या एका यंत्राखेरीज जगात दुसरीकडे कोठेही ती लागत नाही, आणि तिच्यात कधीपासून कधीपर्यंत चालायचे तेही बांधून दिलेले असते. आमच्या नव्या प्रोजेक्टरबरोबर मीडिया ब्लॉकही नवा आला होता. त्यामुळे जिथून वितरकांसाठी की निघतात त्या कार्यालयात नव्या प्रमाणपत्राची नोंद होणे आवश्यक होते. हे मला ठाऊक होते, आणि म्हणूनच पुढच्या आठवड्यातील शुक्रवारच्या चित्रपटासाठी मी अकरा दिवस आधी, सोमवारी सकाळीच अर्ज पाठवला.

त्या अर्जात ‘सर्व्हर अनुक्रमांक’ असा एक रकाना होता. बसवणी करणाऱ्या मुलाने त्यात प्रोजेक्टरच्या अंगावरचा क्रमांक लिहिला, जो बिलावर होता. हवा होता तो मीडिया ब्लॉकचा. ही चूक आमची, हे मान्य. परंतु क्रमांक जुळत नाही एवढे एका ओळीत कळवायला त्या कार्यालयाने गुरुवार उजाडवला. त्याच दिवशी मी प्रमाणपत्राची मूळ फाइल मेलने पाठवली, तर त्यांच्या मेल व्यवस्थेने अनोळखी प्रकारची फाइल म्हणून ती उंबऱ्याबाहेरच ठेवली, आणि याचा पत्ता त्यांना किंवा मला सोमवारपर्यंत लागला नाही. मग त्यांनी सांगितले की, सर, स्क्रीनचा फोटो पाठवा. त्या फोटोत प्रमाणपत्राची खूण म्हणून सत्तावीस अक्षरे आणि शेवटी एक बरोबरचे (=) चिन्ह अशी माळ होती, जिच्यात लहान-मोठी इंग्रजी अक्षरे, आकडे आणि तिरकी रेघ यांची सरमिसळ असते. ती कोणीतरी डोळ्यांनी वाचून हाताने टंकली. बुधवारी दुपारी मी केबिनमध्ये स्टुलावर बसून फोनवर ती माळ एकेक अक्षर सांगत होतो, ‘मोठा आय, मॅडम, धाकटा एल नव्हे,’ आणि आमचे ऑपरेटर, ज्यांना सारे गाव मामा म्हणते, माझ्याकडे देवऋष्याकडे पाहावे तसे पाहत होते.

गुरुवारी संध्याकाळी ‘नोंदणी पूर्ण’ असा मेल आला. आम्ही ट्रेलर लावून पाहिले, ते झकास चालले, आणि मी निश्चिंतपणे जेवायला गेलो. येथे मी फसलो. ट्रेलर बहुधा कुलूपबंद नसतातच, त्यामुळे ते चालण्याने काहीही सिद्ध होत नाही. रात्री दहाला की आली, ती चढवली, आणि मामांचा फोन आला, ‘मालक, ट्रेलर पळत्यात, पिच्चर पळंना.’ की उघडून पाहिली तर ती जुन्या सर्व्हरच्या नावाने निघालेली होती, जो तेव्हा जिन्याखाली गोणपाटात गुंडाळून पडला होता.

शुक्रवारी सकाळी दहाला कार्यालय उघडल्यावर जो संवाद झाला तो मला पाठ आहे.

‘सर, तुमची नोंदणी झालेली आहे. स्क्रीन दोनवर.’

‘मॅडम, आमच्याकडे स्क्रीन दोन नाही. एकच पडदा आहे.’

‘सर, सिस्टममध्ये दोन दिसतात.’

झाले होते असे की, जुन्या सर्व्हरची नोंद पुसण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता ते रजेवर होते, म्हणून नव्या मीडिया ब्लॉकसाठी नवा पडदाच निर्माण करण्यात आला होता. वितरकाने बुकिंग अर्थातच पडदा एकवर केले होते, पडदा एकवर जुना सर्व्हर होता, आणि की त्याच्याच नावाने निघाली होती. आता पडदा दोनसाठी की काढायची तर वितरकाने पडदा दोनचे बुकिंग द्यायला हवे होते, आणि वितरकाचा प्रतिनिधी म्हणत होता की, तुमच्या थिएटरला दोन स्क्रीन कधी झाले? या दोघांना एकाच फोनवर आणायला मला दीड वाजला. तोवर बाराच्या खेळाचे पैसे परत देऊन झाले होते, आणि बुकिंगच्या खिडकीपाशी ‘लेझर, लेझर’ म्हणून कोणीतरी मोठ्याने हसले तेही मी ऐकले होते.

दोन वाजता नवी की आली. नाव बरोबर, चित्रपट बरोबर, तरीही पडदा काळाच. कीमध्ये सुरुवातीची वेळ दुपारी बाराची होती. परंतु त्या नव्याने जन्मलेल्या पडद्याच्या नोंदीत भारतीय वेळ भरायची राहिली होती, त्यामुळे ते बारा जागतिक वेळेचे, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच होते. मामा म्हणाले, ‘घड्याळ पुढं करू की.’ ते होत नाही. मीडिया ब्लॉकच्या आतले घड्याळ वर्षभरात मिळून फार तर सहा मिनिटे मागे-पुढे करता येते, आणि हा नियम नेमका असल्या खटाटोपासाठीच केलेला आहे. तीनचाही खेळ गेला. साडेपाचला सर्व्हरवर त्या चित्रपटापुढची लाल खूण हिरवी झाली, तेव्हा आम्ही दोघे काही बोललो नाही. मामांनी फक्त चहा मागवला. सहाच्या खेळाला पहिले दृश्य पडद्यावर आले, रात्रीचे, आणि काळ्यातला काळा वेगळा दिसला, तेव्हा मात्र बाल्कनीतून शिटी आली.

त्यामुळे जे कोणी यंत्र बदलणार असतील त्यांनी प्रमाणपत्राची फाइल झिप करून पाठवावी, ती पोहोचल्याची पोच मागावी, आणि अर्जातच ‘जुना काढून त्याच जागी नवा’ हे शब्द लिहावेत. ‘नवी नोंदणी’ हे शब्द चुकूनही लिहू नयेत. ज्या चित्रपटाचे बुकिंग अजून संपलेले नाही, त्याची की नव्या यंत्रासाठी मागून बसवणीच्याच दिवशी चालवून पाहावी. ट्रेलरवर विसंबू नये. की आल्यावर तिच्यातील सुरुवातीची वेळ आणि वेळेचा फरक आपल्या डोळ्यांनी वाचावा. आणि शक्य असेल तर यंत्र बदलण्याचा मुहूर्त नव्या चित्रपटाच्या आठवड्यात धरू नये, जो मी हौसेने धरला होता.

एक सांगायचे राहिले. तिन्ही लेझरच्या यंत्रात मोकळ्या आकाशासारख्या एकसारख्या रंगावर बारीक दाणेदार चमचम दिसू शकते, आणि थ्रीडीचा चंदेरी पडदा असेल तर ती अधिक दिसते. आम्ही आमचा तसला पडदा आधीच काढून पांढरा लावला होता. यंत्र घेण्यापूर्वी पुढच्या रांगेत बसून हे पाहावे. केबिनचा एसीही आधी तपासावा, कारण लाल लेझरला उष्णता सोसत नाही. पुण्याचा माझा मावसभाऊ घरच्या हॉलसाठी लेझर प्रोजेक्टर घेतो आहे आणि त्याला वाटते की मी त्याला घाबरवतो आहे. घरच्या यंत्राला की लागत नाही, त्याने एवढेच पाहावे की त्यातील फोर-के हे चिपचे आहे की कमी ठिपक्यांची चिप भराभर सरकवून साधलेले आहे.

जुन्या सर्व्हरची नोंद पुसली जावी यासाठी मी त्यानंतर चार मेल पाठवले. आमच्याकडे अजून दोन पडदे आहेत, आणि मागच्या मंगळवारी वितरकाच्या नव्या प्रतिनिधीने फोन करून विचारले की, पडदा एक बरेच दिवस रिकामा दिसतो आहे, त्यावर काही लावायचे का?