सेट झालं का?

फेब्रुवारी सरत आला की आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात माणूस माणसाची तब्येत विचारत नाही. बांधावर गाडी थांबवून एकच विचारतो, "काय भाऊ, झाली का सेटिंग?" बाहेरगावच्या पाहुण्याला वाटावं, काहीतरी काळंबेरं चाललंय. विचारणारा बिचारा संत्र्याबद्दल विचारत असतो.

डिसेंबर-जानेवारीत झाडांचं पाणी तोडायचं, पानं मलूल होईस्तोवर ताण द्यायचा, मग खत टाकून पाणी सोडायचं. तेव्हा कुठं अंबिया बहार फुटतो. फुलांच्या वासानं शिवार भरून जातं, पण ज्याची बाग आहे तो काही त्या वासावर भाळत नाही. पाकळ्या झडल्यावर मागं ज्वारीच्या दाण्याएवढी हिरवी गाठ देठाला धरून राहिली पाहिजे. राहिली, तर सेट. त्यातल्याही कितीतरी गळतातच; उन्हानं गळतात, पाणी कमी झालं तरी गळतात, जास्त झालं तरी गळतात. सकाळी झाडाखाली हिरव्या मण्यांचा सडा दिसला की आमचे काका चपलेच्या टोकानं तो उगाच इकडंतिकडं करतात आणि म्हणतात, "यंदा काही सेट नाही होत लेका." कृषी खात्याच्या पुस्तिकेत याला 'फळधारणा' म्हणतात. शब्द देखणा आहे, पण काकांच्या तोंडी तो मी अजून ऐकला नाही. आजी मात्र सेटही म्हणत नाही. तिचं आपलं, "धरलं का रे झाड?"

इंग्रजीत या शब्दाचा पसारा अफाट. सूर्य मावळला तरी सेट, मोडलेलं हाड बसवलं तरी सेट, सापळा लावा, लग्नाची तारीख धरा, घड्याळ लावा, सगळं सेट. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत या एका क्रियापदाचे ४३० अर्थ दिलेले होते. आम्ही त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. आमचा दिवस अजून बुडतोच, हाड बसतंच, दही लागतंच. पण स्लॅब? स्लॅब सेट झाल्याशिवाय सेंट्रिंग काढायला मिस्त्री हात लावत नाही.

आणि ज्या अर्थांचा साहेबाला पत्ता नाही, ते आम्ही घरचे घातले. पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता एखादा डोळा मिचकावून म्हणतो, "त्याची तिच्यासंगं सेटिंग हाय." त्याच दमात दुसरा म्हणतो, "फेरफार अडकला का? माही सेटिंग हाय तिथं." पहिल्या सेटिंगला निदान खर्च कमी येतो.

खरा घोळ मात्र लग्नाच्या बैठकीत होतो. गावाकडं 'सेटल'मधला 'ल' कधीच गळून पडलाय. नोकरीला लागलेला, घरदार थाटलेला पोरगा तो सेट. आणि प्राध्यापकीसाठी देशाची पात्रता परीक्षा असते ती नेट, राज्याची असते, तीही सेट. ती पास होऊन तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवणारी, सुट्ट्यांत पगाराविना घरी बसणारी पोरं इकडं गावोगाव आहेत. अशाच एकाच्या बैठकीला मी होतो. पोहे फिरले, चहा झाला आणि मुलीच्या मामांनी विषय काढला.

"पोरगं काय करते?"

"सेट झाला हाय," मध्यस्थ अभिमानानं म्हणाला.

"कोन्या कॉलेजात? परमनंट?"

"परमनंट नाही जी. सेट म्हंजे परीक्षा."

"मंग सेट कुठी झाला?"

मुलाचे वडील सतरंजीचा धागा ओढत बसलेले. मध्यस्थानं शेवटचा पत्ता टाकला. "नेटपन झाली हाय त्याची!"

"नेट काय बाप्पा," मामा म्हणाले, "थे तं आता सगळ्याइच्या मोबाइलमंधी हाय."